वाचकांचे प्रश्न : आतल्या पानावरची बातमी

स्थानिक वृत्तपत्रे वाचून आपल्या गावाच्या वा परिसराच्या अडचणी आणि संधी कशा हेराव्यात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात रोज तीन दैनिके येतात. सकाळी मंडळी जमतात, मथळ्यांवर चर्चा होते, सरकारला चार शब्द सुनावले जातात आणि सगळे आपापल्या कामाला जातात. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. या वाचनातून गावाच्या उपयोगाचे काही निघावे असे वाटते. पण जिल्ह्याच्या पानावर इतक्या बातम्या असतात की त्यांतली आपल्या गावाची खरी अडचण कोणती, हे ओळखायचे कसे?
— एक वाचक, माण तालुका, जिल्हा सातारा

उत्तर : गुरुजी, बातमी घडलेल्या घटनेची असते आणि गावाची अडचण बहुतेक वेळा घटना म्हणून समोर येतच नाही. ती वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या खात्यांच्या नावाने तुकड्यातुकड्यांनी छापून येते आणि ते तुकडे एकत्र ठेवणारे कोणी नसते. वार्ताहर नव्या बातमीच्या शोधात असतो. जुनीच बातमी पुन्हा का आली, हे विचारण्याचे काम वाचकाला करावे लागते.

पिण्याच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. ग्रामीण महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा पाणीस्रोतांची स्वच्छता तपासणी होते आणि तिच्या निष्कर्षावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे तिथे दूषित पाण्यामुळे साथ पसरण्याचा धोका तीव्र आहे. 'तालुक्यातील अमुक गावांना लाल कार्ड' ही बातमी चार ओळींत येते. काही दिवसांनी दुसऱ्याच पानावर 'टीसीएल पावडरचे नमुने निकृष्ट' अशी दुसरी बातमी येते; टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडर. जुलैमध्ये 'वाडीवर गॅस्ट्रोची लागण, आरोग्य पथक दाखल' ही तिसरी येते, आणि ती मात्र छायाचित्रासह. वाचनालयात चर्चा होते ती या तिसऱ्या बातमीची, जेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. पहिल्या दोन बातम्या ज्याने कापून ठेवल्या असतील, त्याला मे महिन्यातच विहिरीवर जाऊन पाहता आले असते.

पाहायचे काय, तेही सांगतो. विहिरीचा कठडा फुटला आहे का, सांडपाणी परत आत मुरते का, जलवाहिनी गटारातून गेली आहे का आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचून राहते का, हे डोळ्यांनी दिसते. टीसीएल पावडरीत क्लोरीनचे प्रमाण किमान २० टक्के असावे लागते आणि ते कोंदट, ओल्या जागेत उघड्या ठेवलेल्या पोत्यात झपाट्याने घटते. त्यामुळे पावडर खरेदी झाली असली तरी ती पाण्यात पडते तेव्हा तिच्यात दम उरलेला असतोच असे नाही. नळाच्या पाण्याची ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारी) करून पिवळा रंग येतो का हे बघायला काही मिनिटे पुरतात, आणि ती चाचणी जलसुरक्षकाने करून नोंदवहीत लिहायची असते. ही वही पाहायला मागावी. काही ठिकाणी महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या दिसतात. त्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

वाचनालयासाठी एक जाड वही घ्यावी. बातमीची तारीख, नेमके ठिकाण, काय घडले, कोणत्या खात्याचा विषय आणि बातमीत कोणी कोणती मुदत वा रक्कम सांगितली, एवढे प्रत्येक कात्रणाशेजारी लिहावे. त्याच ठिकाणाची त्याच प्रकारची बातमी दुसऱ्यांदा आली की प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मुदतीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण 'येत्या महिन्यात काम सुरू होईल' हे वाक्य छापणारे वृत्तपत्र महिना उलटल्यावर ते आठवणीत ठेवत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या वाडीपर्यंत वार्ताहर पोहोचत नाही आणि जिथे राजकीय कार्यकर्ता नाही, तिचे नाव वर्षभर वहीत येणार नाही, म्हणून वहीत रिकामी राहिलेली ठिकाणेही अधूनमधून तपासावीत.

तुमच्या तालुक्याला टँकरच्या बातम्या नव्या नाहीत. टंचाई निवारणाचा आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा असतो, आणि त्यात खासगी विहिरींचे अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, नळयोजनांची दुरुस्ती, गाळ काढणे, तात्पुरत्या पूरक नळयोजना हे उपाय टँकरच्या बरोबरीने असतात. आराखड्याची बातमी हिवाळ्याच्या तोंडावर येते आणि तेव्हा कोणाला तहान लागलेली नसते, म्हणून ती वाचली जात नाही. आपल्या गावाच्या नावापुढे दरवर्षी टँकरच लिहिलेला असेल आणि दुरुस्तीचे काम एकदाही नसेल, तर ग्रामसभेत मांडण्याचा विषय तयार झाला असे समजावे. तो सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्यावा, म्हणजे विषयपत्रिकेत येतो. पैसा नाही असे उत्तर मिळाले, तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बंधित ठेवला होता हे सांगावे आणि त्याचा खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर सर्वांसमक्ष उघडून पाहावा.

प्रश्न : आमचा महिलांचा बचत गट आहे. वर्तमानपत्रात सगळीकडे तक्रारी आणि अपघातच दिसतात. आमच्यासारख्यांना काही नवे करता येईल अशी संधी बातमीत कुठे असते? की ती फक्त जाहिरातीतच शोधायची?
— एक भगिनी, सावंतवाडी तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, तक्रारीची बातमी वाचून पान उलटू नका, कारण मागणी कुठे आहे आणि पुरवठा कुठे तुटला आहे हे तिथेच कळते. एसटीची फेरी बंद झाली, पावसाआधी रतांबे (कोकमाची फळे) झाडाखाली कुजले, एखाद्या पर्यटनस्थळी स्वच्छतागृह नाही म्हणून प्रवासी वैतागले, या तिन्ही बातम्यांत कोणाला तरी काहीतरी हवे आहे आणि ते मिळत नाही.

'यशोगाथा' या नावाखाली छापून येणाऱ्या बातम्यांबाबत मात्र मी सावध राहण्यास सांगेन. अमुक शेतकऱ्याने एकरी इतक्या लाखांचे उत्पन्न घेतले, असे त्यांत लिहिलेले असते. उत्पन्न म्हणजे नफा नव्हे, हे बातमी सांगत नाही. झाडे लावून किती वर्षे झाली, पाणी कुठले, अनुदान किती मिळाले आणि माल कोणी कोणत्या भावाने उचलला, हेही बहुधा नसते. ती बातमी वाचून तालुक्यात सगळ्यांनी तेच पीक लावले, तर तिसऱ्या वर्षी भाव पडल्याची बातमी त्याच पानावर येते.

तुमच्या भागातले एक उदाहरण घेऊ. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळाले तेव्हा सर्वांनी ती बातमी अभिमानाने वाचली. त्या बातमीतला कामाचा भाग असा की मानांकन उत्पादनाला मिळाले तरी त्याचे चिन्ह आपल्या बाटलीवर किंवा पाकिटावर लावण्यासाठी उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि ही नोंद चेन्नई येथील भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात होते. गटाने आमसुले किंवा आगळ कितीही उत्तम केले, तरी नोंदणीशिवाय ते चिन्ह वापरता येत नाही. म्हणून 'मानांकन मिळाले' ही बातमी दिसली की पुढचा प्रश्न, अधिकृत वापरकर्ते किती झाले आणि त्यांत आपल्या गावचे कोणी आहे का, हा असावा. नोंदणी कोणत्या संस्थेच्या पुढाकाराने झाली आहे, ती संस्था अर्ज भरून देते का, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयापासून सुरू करता येते.

योजनांच्या बातम्यांतही तीच पद्धत ठेवावी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या योजनेत वैयक्तिक प्रकल्पाला खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद होती. मथळ्यात नेहमी १० लाखांचा आकडा येतो. तुमच्या गटाच्या कामाचा आकडा ४० हजारांचा होता आणि तो बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतो. अशी कोणतीही बातमी वाचली की योजना या आर्थिक वर्षात चालू आहे का, अर्ज कोणाकडे जातो आणि बँकेचे कर्ज आधी मंजूर व्हावे लागते का, हे तीन प्रश्न विचारून मगच पैसे गुंतवावेत.

प्रश्न : आमच्या गावाच्या फाट्यावर सतत अपघात होतात. प्रत्येक वेळी 'दुचाकीस्वार ठार' अशी दोन ओळींची बातमी येते. उड्डाणपूल व्हावा म्हणून आम्ही रास्ता रोको केला, निवेदने दिली, त्यांच्याही बातम्या आल्या. पुढे काहीच झाले नाही. काय चुकते?
— एक तरुण वाचक, राष्ट्रीय महामार्गालगतचे गाव, जिल्हा सोलापूर

उत्तर : तुमच्या निवेदनात उपाय होता, अडचण नव्हती. उड्डाणपूल हवा असे लिहिले की अधिकारी खर्चाचा आकडा पाहतो आणि फाइल बाजूला ठेवतो. त्या जागी कोण, केव्हा आणि कशामुळे मरते, हे मांडले असते तर उत्तर देणे त्याला भाग पडले असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा एकूण १० मृत्यू झाले, तर तो पट्टा अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ज्याला आपण सर्रास ब्लॅक स्पॉट म्हणतो, तो ठरतो. आता तुमची कात्रणे काढा. एक बातमी म्हणते 'फाट्यावर', दुसरी म्हणते 'पेट्रोल पंपाजवळ', तिसरी 'ढाब्यासमोर', चौथी पुढच्या गावाच्या 'शिवारात'. वाचणाऱ्याला ही चार ठिकाणे वाटतात. रस्त्यावर किलोमीटरचा दगड पाहून अंतर मोजले, तर ती कदाचित एकाच ५०० मीटरमध्ये बसतील. हे मोजण्याचे काम गावातल्या दोन मुलांनी मोटारसायकलवर एका दुपारी करावे.

कात्रण हा पुरावा मात्र होत नाही. रुग्णालयात नंतर दगावलेल्या जखमीची बातमी पुष्कळदा येतच नाही, म्हणून कात्रणांतला मृत्यूंचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. त्यासाठी पोलीस ठाण्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये असते, उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व सुमारे १५० शब्दांत बसवावा लागतो. मागील ३ वर्षांतील अपघातांची तारीख, वेळ, ठिकाण, वाहनांचा प्रकार, मृत आणि गंभीर जखमींची संख्या एवढेच मागावे. मृतांची नावे मागू नयेत. त्यांची गरज नाही आणि त्या कारणाने अर्ज अडतो.

वेळ आणि महिना हे दोन रकाने नीट वाचा. तुमच्या जिल्ह्यात गाळप हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या महामार्गावर असतात आणि अनेकींना मागे रिफ्लेक्टर नसतो. बहुसंख्य अपघात नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंधार पडल्यावर आणि मागून धडकून झालेले आढळले, तर उपायाचा पहिला पत्ता कारखान्याचा गाडीतळ आहे, जिथे ट्रॉली आत घेण्यापूर्वी रिफ्लेक्टर लावण्याची सक्ती करता येते. उलट, अपघात दिवसा आणि बारमाही होत असतील, तर दुभाजक फोडून केलेली वाट, फाट्यावर थांबणारी वडाप (खासगी प्रवासी वाहने) किंवा वळणावर दृष्टी अडवणारा फलक यांपैकी काहीतरी असेल. असा तक्ता आणि एक हाताने काढलेला नकाशा जोडून निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे आणि महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाकडे द्यावे, पोहोच घ्यावी, आणि दाद न मिळाल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाची वाट धरावी. उड्डाणपूल मागायचाच असेल तर तो या तक्त्यानंतर मागा.

प्रश्न : स्थानिक बातम्यांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? आमच्याकडे वार्ताहरच जाहिराती गोळा करतो आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढतो.
— एक वाचक, जिल्हा नांदेड

उत्तर : आपले म्हणणे खोटे नाही. तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहराला मानधन तुटपुंजे आणि जाहिरातीवरचे कमिशन हाच मुख्य आधार, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ज्याची जाहिरात १५ ऑगस्टला हवी त्याच्याविरुद्ध जुलैत लिहिणे अवघड जाते. त्यामुळे बातमीत काय छापले याइतकेच काय गळले आहे, हेही वाचावे. भूमिपूजनाच्या बातमीत व्यासपीठावरची सगळी नावे असतात. कामाची रक्कम, ठेकेदार आणि पूर्ण करण्याची मुदत बहुधा नसते. तीच माहिती निविदा सूचनेत असते. निविदा सूचना जाहिरात म्हणून छापली जात असली तरी तिच्यातल्या रकमा आणि तारखा कार्यालयाच्या सहीने आलेल्या असतात, आणि महाटेंडर्स या शासकीय संकेतस्थळावर त्या ताडून पाहता येतात.

एकच मजकूर तीन दैनिकांत शब्दशः सारखा दिसला, तर तो प्रसिद्धिपत्रक समजावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कात्रणावर तारीख आणि वृत्तपत्राचे नाव नसेल, तर ते वहीत चिकटवू नये. धरणाच्या विसर्गाची चार वर्षांपूर्वीची बातमी आजची म्हणून फिरते आणि नदीकाठी विनाकारण धावपळ होते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मुंबईत असतो, मूळ गाव खेड तालुक्यात आहे. गावाकडचे दैनिक मोबाइलवर वाचतो. मध्यंतरी गावाजवळच्या एका प्रस्तावित प्रकल्पाच्या 'जनसुनावणी'ची सूचना बारीक टायपात पाहिली. गावात कोणालाच त्याची कल्पना नव्हती. अशा सूचनेचे करायचे काय?
— एक चाकरमानी वाचक, मुंबई

उत्तर : ती गावी कळवायची, त्याच दिवशी. मुंबईत बसून गावासाठी यापेक्षा उपयोगाचे काम क्वचितच सापडेल, कारण गावात दैनिक येते तरी जाहीर सूचनांचे पान कोणी उघडत नाही.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, त्यांच्या सुनावणीची सूचना प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका प्रमुख राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात किमान ३० दिवस आधी द्यायची असते. म्हणजे तुमच्या हाती साधारण महिनाच असतो. प्रकल्पाच्या मूल्यांकन अहवालाचा मसुदा आणि त्याचा स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित स्थानिक संस्था यांच्याकडे पाहण्यासाठी ठेवलेला असतो. आधी सारांश मिळवावा आणि गावातल्या जाणत्यांनी तो आपल्या माहितीशी ताडून पाहावा. प्रकल्पाच्या परिघातले ओढे, झरे आणि विहिरी त्यात आल्या आहेत का, खाडीतल्या मासेमारीचा उल्लेख आहे का, पाण्याची पाहणी कोणत्या महिन्यात केली आहे, या गोष्टी गावकऱ्याला सल्लागार कंपनीपेक्षा चांगल्या कळतात. ऑगस्टमध्ये भरून वाहणारा ओढा एप्रिलमध्ये कोरडा असतो, हे अहवालात नसेल तर ते सुनावणीत सांगायचे आहे.

सुनावणी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ होते आणि तिचे चित्रीकरण होते. तिला गणसंख्येची अट नाही, म्हणून चार माणसे आली तरी ती पार पडते. गाव मोठ्या संख्येने न गेल्यास 'विरोध नाही' असा अर्थ काढला जाण्याची शक्यता इथेच असते. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपला मुद्दा त्यात आला की नाही, हे तिथल्या तिथे उभे राहून विचारावे. तुम्हाला स्वतःला जाता येणार नसेल, तर हरकती लेखी पाठवता येतात. त्या सूचनेत दिलेल्या पत्त्यावर, मुदतीच्या आत आणि पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवाव्यात.

प्रकल्प आला तर नोकऱ्या मिळतील, असे म्हणणारेही गावात असतील आणि त्यांना गप्प बसवू नये. त्यांनी त्याच सुनावणीत किती स्थानिकांना, कोणत्या कामावर आणि कंत्राटी की कायम घेणार, हे अध्यक्षांसमोर विचारावे आणि कंपनीच्या प्रतिनिधीचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.